फिकी कड

बस कंपनीच्या फाटकाशी थांबली तरी सरांचं प्रश्न वाटणं चालूच होतं.

"तू, सांडपाणी. तू, निर्यात. सरपंच, तू शेवटी आभार मानायचे आणि भविष्यातल्या योजना विचारायच्या. कुणी कुणाचा प्रश्न पळवायचा नाही. आणि प्रश्न इंग्रजीत, खणखणीत आवाजात, त्यांच्या साहेबलोकांसमोर. कोपऱ्यात कुजबुजून काय फायदा?"

"सर, मला राहिला," मागच्या सीटवरून ती म्हणाली.

"भिंगा, तुला कशाला प्रश्न द्यायचा? तुला काही ना काही दिसतंच."

बसमध्ये हशा पिकला. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरंही वाचून काढते म्हणून वर्गाने जसं वर्गप्रतिनिधीचं नाव सरपंच, तसं तिचं भिंग ठेवलं होतं. तिला त्याचा राग नव्हता. रसायनशास्त्राची पदवी घेऊन, घरच्यांच्या आग्रहाखातर ती व्यवस्थापनाला आली होती आणि तेव्हापासून चुकीच्या गाडीत बसल्यासारखी वावरत होती. परदेश दौऱ्याच्या कार्यक्रमात रंगांच्या कंपनीची प्रयोगशाळा दिसली, तेव्हा कुठे तिला पैसे भरावेसे वाटले.

फाटकाशी दादा उभा होता, हातात पाहुण्यांच्या बिल्ल्यांचा जुडगा. तो त्यांच्याच कॉलेजचा, चार वर्षं पुढचा. इथे कंत्राटावर लागला होता आणि ही भेट त्यानेच खटपट करून ठरवली होती. काल, रविवारी, त्यानेच सगळ्यांना डोंगरावर नेलं होतं. वर वारा इतका बोचरा होता, की भिंगाचे दात वाजायला लागले आणि त्याने आपलं जॅकेट काढून तिला दिलं. उतरताना रोपवेच्या डब्यात तो म्हणाला होता, "महिनाअखेर कायम करणार आहेत. झालो, की आईला आणतो. स्वेटर किती घेऊ म्हणून तिचं आत्ताच दोनदा विचारून झालंय."

जॅकेट परत द्यायला तिने बॅगेत घालून आणलं होतं.

"काय मंडळी, पाय दुखतायत का?" दादाने बिल्ले वाटत विचारलं.

"पायांचं सोड दादा, सरपंचाचं पोट बघ. काल वरती तीन जणांचं खाल्लंय त्याने."

"उंचीवर भूक लागते," सरपंच म्हणाला. "हे शास्त्र आहे. विचार भिंगाला."

प्रयोगशाळा लांबट होती. पांढऱ्या फरशीवर काचेच्या दारांची दोन कपाटं होती आणि दोन्हींत डोळे दिपवणारे दिवे. त्यांच्यासमोर लाल कापडाच्या पट्ट्या टांगलेल्या. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. चष्मा केसांवर चढवलेला, नजर अधूनमधून घड्याळाकडे.

दादाने दिवा बंद केला, कपाट उघडलं आणि इंग्रजीत सांगू लागला. हा रंग उन्हात किती टिकतो ते इथे कळतं. दिव्याचा उजेड एका अंगाला जास्त पडतो, म्हणून पट्ट्या रोज सकाळी फिरवायच्या, डावी कड उजवीकडे. सुट्टी असो, सण असो, यात खंड नाही. दोन्ही कडांचा रंग सारखाच उडाला तरच चाचणी खरी. शेजारचं कपाट सहकाऱ्याचं, हे माझं. दोन्हींतल्या पट्ट्या गुरुवारी लावल्यात, म्हणजे आज चार दिवस झाले.

भिंग पुढे सरकली. सहकाऱ्याच्या पट्ट्या दोन्ही कडांना सारख्या विटल्या होत्या. दादाच्या पट्ट्यांची एकच कड गुलाबीकडे झुकली होती. एका पट्टीची नव्हे, सगळ्यांची. तिने मान तिरकी करून पुन्हा पाहिलं. उजेडाचा खेळ नव्हता. काहीतरी सापडल्यावर तिच्या मानेपाशी नेहमी उठायचा तसा काटा उठला.

"दादा, ही कड..."

"ते राहू दे," तो हळूच मराठीत म्हणाला.

प्रश्न फारच किरकोळ असावा, असं तिला वाटलं. तेवढ्यात मागून सरांचा आवाज आला. "विचार, विचार! मोठ्याने!"

तिने विचारलं. इंग्रजीत, मोठ्याने, शब्द नीट जुळवून. रोज फिरवल्या असतील तर चार दिवसांत दोन्ही कडा सारख्या व्हायला हव्यात. मग या कपाटात एकच कड फिकी का?

बाईंनी केसांवरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. पुढे येऊन त्यांनी दादाच्या कपाटातली एक पट्टी काढली आणि खिडकीशी धरली. मग दुसरी. मग शेजारच्या कपाटातली.

"काल?" त्यांनी दादाला विचारलं.

काल. भिंगाच्या डोळ्यांसमोर एकदम न्याहारीचं टेबल आलं. सरांचा फोन स्पीकरवर होता. 'सर, सकाळी थोडं काम असतं मला,' असं दादा म्हणाला होता. त्यावर सरांनी बटाट्याचा तुकडा काट्याला टोचत म्हटलं होतं, 'रविवारी कसलं काम रे? आपली मुलं परक्या गावात वणवण फिरणार आणि तू खोलीवर लोळणार? कॉलेजला विसरलास वाटतं.' टेबलावरच्या सगळ्यांनी ते ऐकलं होतं.

बाई सरांकडे वळल्या. आवाज अगदी मवाळ होता.

"काल तुम्ही शहर पाहिलंत ना? हा होता बरोबर?"

सरांनी टायची गाठ चाचपली.

"तो आपणहून आला होता. आम्ही तर म्हणालो, आमचे आम्ही जाऊ."

कुणी बुटांकडे पाहिलं, कुणी छताकडे. सरपंच आपला बिल्ला सरळ करू लागला. दादाने फक्त एकदा सरांकडे पाहिलं आणि पट्टी पुन्हा चिमट्यात अडकवली, काळजीपूर्वक, कड कडेला जुळवून.

भिंगाने बोलायला तोंड उघडलं. त्याच क्षणी बाईंनी खिशातून आपलं कार्ड काढून तिच्यापुढे धरलं.

"या कामाला असे डोळे लागतात. परीक्षा झाली की मला लिहा. इथे जागा होईल."

कार्ड जाड कागदाचं होतं. तिने ते घेतलं. "थँक्यू," ती म्हणाली. उघडलेल्या तोंडातून तेवढंच बाहेर पडलं.

मग ठरल्याप्रमाणे सरपंचाने आभार मानले आणि कंपनीच्या भविष्यातल्या योजना विचारल्या.

बिल्ले परत घ्यायला दादा बसच्या दारापर्यंत आला. एकेकाचा बिल्ला घेत होता, प्रत्येकाला "नीट जा रे" म्हणत होता. भिंग सगळ्यात शेवटी होती. तिने बिल्ला दिला, मग बॅगेची चेन ओढून जॅकेट बाहेर काढलं.

"दादा, कालचं हे... मला माहीत नव्हतं रे."

"ठाऊक आहे मला." त्याने जॅकेटला हात लावला नाही. "असू दे तुझ्याकडे. वर थंडी असते. तुला लागेल."

बिल्ल्यांचा जुडगा मुठीत धरून तो आत गेला. दार आपोआप बंद झालं.

बस निघाली. पुढचा कार्यक्रम मत्स्यालयाचा होता आणि मागे कुणीतरी शार्क आणि सरपंच यांच्यात जास्त कोण खातं यावर पैज लावत होतं. सर मधल्या वाटेने सीटचे दांडे धरत धरत तिच्यापाशी आले.

"कॉलेजचं नाव काढलंस हं."

तिने हातातलं कार्ड पालथं केलं.

"फार मनाला लावून घेऊ नकोस. कामात हलगर्जीपणा केला की असं होतं. आणि एका अर्थी बरंच झालं." ते तिच्या सीटच्या पाठीवर रेलले. "पुढच्या वर्षी तू इथे असशील. आपली मुलं आली की एक दिवस त्यांना फिरव. रविवारीच आणू."

"हो, सर," ती म्हणाली.

सर पुढे गेले. तिने कार्ड पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं आणि जॅकेट मांडीवर घेतलं. बस वळली तसं खिडकीतून ऊन आलं आणि एका बाहीवर पडलं. थोडा वेळ ती त्या बाहीकडे पाहत राहिली. मग तिने जॅकेट उलटं फिरवलं आणि दुसरी बाही उन्हात धरली.