कुलपातली साखर

मित्रांनो, मला हातात घ्याल तर आधी बोटांना गंज लागेल, त्याबद्दल राग मानू नका. मी पत्र्याची एक लहानशी डबी, खिशात मावेल एवढी. झाकणावर एके काळी मोर होता, आता त्याची नुसती मान उरली आहे. कारखान्यात मला ठोकून आकार दिला आणि माझ्यात खोकल्याच्या गोळ्या भरल्या. गोळ्या संपल्या की अशा डब्या लोक फेकून देतात, नाहीतर त्यांत सुया ठेवतात. माझ्या नशिबी साखर आली. साखर म्हणजे किती साधी वस्तू! पण तिच्यापायी मला जेवढा मनस्ताप झाला, तेवढा मिरचीच्या डब्यालाही कधी झाला नसेल.

बेंगळुरात गविपुरम भागात अहल्याबाई राहत. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. त्यांचा मुलगा हयवदन तेव्हा नऊ-दहा वर्षांचा होता. घरी सगळे त्याला हया म्हणत. एका वर्षी हया अचानक वाळू लागला. तांब्यामागून तांब्या पाणी पिई, तरी त्याची तहान भागेना. मोठ्या इस्पितळात नेले तेव्हा कळले की त्याला मधुमेह आहे. म्हाताऱ्यांना होतो तो आजार या पोराला कसा झाला, हे कुणालाच उमगेना.

तेव्हापासून अहल्याबाई रोज सकाळी काचेची पिचकारी उकळत आणि हयाच्या मांडीत इन्सुलिन टोचत. औषधाची बाटली त्या ओल्या मडक्यात गार ठेवत. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितले होते, "बाई, हे इंजेक्शन रक्तातली साखर उतरवतं. पण कधी कधी ती नको तेवढी उतरते. जेवायला उशीर झाला, फार पळापळ झाली, की मुलगा थरथरेल, घामानं भिजेल, भलतंसलतं बोलेल. त्या वेळी ताबडतोब साखर द्यायची. नाही दिली तर तो बेशुद्ध पडेल, आणि मग..."

घरी येताच अहल्याबाईंनी मला घासून पुसून घेतले, कागदाच्या पुड्यांत साखर बांधली, पुड्या माझ्यात भरल्या आणि मला हयाच्या खिशात ठेवले.

आणि माझा वनवास सुरू झाला. येणारा-जाणारा प्रत्येक जण मला पाहून कपाळाला हात लावी. "अय्यो, अहल्या, पोराला सक्करेचा आजार, आणि त्याच्याच खिशात सक्करे?" कुणी कारल्याचा रस सांगे, कुणी मेथी. एका मावशीने तर मला हयाच्या खिशातून काढून परस्पर माळ्यावर टाकले होते. अहल्याबाई समजावत. लोक मान डोलावत, "सरी, सरी," म्हणजे "बरं, बरं," म्हणत, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच विचारत. ऐकताना मला वाटे, यांचे कान नुसते डूल घालण्यासाठी आहेत काय?

शाळेत तर कहरच होता. वर्गात खायला बंदी होती. हया मला बाकाखाली हळूच उघडी आणि पुडी तोंडात रिकामी करी. कागद वाजला की शिक्षक चोर पकडल्यासारखे धावत. दर वर्षी नवा वर्ग, नवे शिक्षक, आणि दर वर्षी अहल्याबाईंची नव्याने फेरी.

मी सांगते आहे त्या वर्षी वर्गशिक्षक होते प्रतापराव मास्तर. तेही इथल्या जुन्या मराठी घरातले. कवायत तेच घेत. छाती पुढे, मिशा वर, आवाज असा की खिडकीतले कबुतर उडावे. अहल्याबाईंनी त्यांना सगळे सांगितले आणि शेवटी म्हणाल्या, "मास्तर, एवढं एक ध्यानात ठेवा. हा कधी वेड्यासारखा वागला, उलट बोलला, तर आधी साखर द्या. छडी हवी तर मग मारा."

मास्तर हसले. "अक्का, माझ्या वर्गात उलट बोलणारा अजून जन्मायचा आहे. तुम्ही बिनघोर जा."

बिनघोर! मला त्या शब्दाचीच चीड आली.

त्यात चंपाने घोटाळा केला. चंपा दुसरीतली मुलगी. तिने आजोबांच्या लाल लाल गोळ्या पेपरमिंट समजून शाळेत आणल्या आणि मैत्रिणींना वाटल्या. त्या जुलाबाच्या गोळ्या होत्या. दुपारी काय धावपळ उडाली ते विचारू नका. कुणाला फारसे काही झाले नाही, पण दुसऱ्या दिवशी पालक भांडायला आले. हेडमास्तर आप्पाजी सरांनी हुकूम काढला : यापुढे कोणत्याही मुलाजवळ औषध दिसता कामा नये. घरून आलेली सारी औषधे कचेरीतल्या काचेच्या कपाटात, कुलपात राहतील.

प्रतापराव मास्तर खिसे तपासत हयापाशी आले आणि त्यांनी मला बाहेर काढले.

"सर, ते औषध नाही. साखर आहे," हया म्हणाला.

"साखर? वर्गात खाऊ आणायचा नाही, ठाऊक आहे ना?"

"सर, पण माझ्यासाठी ते औषधच आहे."

"औषध आहे ना? मग कपाटात!"

आता सांगा, मित्रांनो, या न्यायापुढे मी डोके आपटले असते, पण नुसत्या झाकणाचे डोके आपटून तरी किती आपटणार?

कपाटात माझ्या डाव्या हाताला एरंडेल, उजव्या हाताला जखमेवर लावायचे जांभळे औषध. मागे कुणाकुणाची मिक्श्चरे. दुपारच्या सुट्टीत शाळेची आया भागुबाई एकच चमचा घेऊन बसे आणि मुले रांग लावत. खोकल्याची बाटली पोटदुखीवाल्याकडे जाई, पोटदुखीची आणखी कुणाकडे. भागुबाईला दोष नाही. बाटल्यांवर नावे लिहा असे तिने पालकांना कितीदा विनवले होते, पण कुणी लिहीत नसे. माझ्या वासाने मुंग्या आल्या, तर माझ्याभोवती रॉकेलचा बोळा फिरवण्यात आला. दमट हवेने पुड्यांतली साखर आळली, झाकण गंजून घट्ट बसले. हया रोज कचेरीच्या दारातून माझ्याकडे बघून जाई. घरी मात्र त्याने हे सांगितले नाही. आई पुन्हा शाळेत येईल, पुन्हा सगळ्यांदेखत बोलेल, याची त्याला लाज वाटत होती. लेकराला आजारापेक्षा त्याची चर्चाच जास्त नकोशी झाली होती.

त्या वर्षी आपले म्हैसूर राज्य मोठे होणार होते. उत्तरेकडचे कन्नड जिल्हे नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला त्यात येणार होते. त्या दिवशी शाळेत मोठा सोहळा, पाहुणे, कवायत. प्रतापराव मास्तरांनी तालमींचा सपाटा लावला. एके दिवशी मुलांच्या रांगा काही केल्या सरळ होईनात, म्हणून त्यांनी जेवणाच्या सुट्टीतही कवायत चालूच ठेवली.

कपाटातून मला मैदानाचा तुकडा दिसत होता. हया एकाएकी चुकीच्या बाजूला वळला. पुन्हा वळला. मास्तर ओरडले. हया थांबला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "तूच वळ की!"

मास्तरांनी त्याचे बखोट धरले आणि त्याला ओढत कचेरीत आणले, अगदी माझ्यासमोर. मागोमाग हयाचा बाकावरचा सोबती मल्लाप्पा धावत आला. हयाचा सदरा घामाने अंगाला चिकटला होता. ओठ पांढरे पडले होते. मी इथे, तो तिथे, मध्ये एक काच! मला तोंड असते तर मी किंचाळले असते.

"सर, त्याला साखर पायजे," मल्लाप्पा म्हणाला.

"गप्प! साखरेच्या रोग्याला साखर देऊन मारतोस काय?" मास्तर गरजले. मग हयाकडे वळून त्यांनी छडी उगारली. "काय म्हणालास मघाशी? पुन्हा म्हण!"

हयाने अंग चोरले नाही. डोळेही मिटले नाहीत. तो मास्तरांच्या पलीकडे कुठेतरी बघत होता आणि गालातल्या गालात हसत होता. उगारलेली छडी तशीच राहिली. इतक्या वर्षांत छडीपुढे न कचरलेला मुलगा मास्तरांनी पाहिला नव्हता. त्यांनी हयाच्या गालाला हात लावला. गाल थंडगार होता. हया भिंतीला घासत खाली बसला.

मास्तरांचा चेहरा बदलला. "आधी साखर," ते पुटपुटले. "अक्का म्हणाल्या होत्या, आधी साखर... भागुबाई! कपाटाची किल्ली!"

"किल्ली हेडमास्तर सरांच्या जानव्याला, सर! ते शिक्षण खात्याच्या कचेरीत गेलेत!"

झाले! किल्ली गावात फिरत होती, आणि पोर इथे विझत होते.

मास्तर क्षणभरच थबकले. मग त्यांनी मुठीवर धोतराचा सोगा गुंडाळला आणि काचेवर ठोसा मारला. काच खळ्ळकन फुटली. एरंडेल खाली सांडले. मास्तरांनी मला ओढून काढले, पण माझे झाकण निघेना. आयुष्यात मला स्वतःचा एवढा संताप कधीच आला नव्हता! शेवटी त्यांनी मला टेबलाच्या कडेवर आपटले. मी चेपले, पण उघडले. आळलेली साखर त्यांनी बोटाने फोडली, हयाचे डोके मांडीवर घेतले आणि चिमटी चिमटीने त्याच्या गालात भरली. "गीळ बाळ. स्वल्प गीळ. आणखी स्वल्प." तो मैदान हलवणारा आवाज कापत होता.

हया गिळत होता. पहिली पुडी झाली, दुसरी झाली. बऱ्याच वेळाने त्याने मास्तरांकडे खरोखर पाहिले आणि विचारले, "सर, तुमच्या हाताला रक्त का येतंय?"



मल्लाप्पाने धावत जाऊन अहल्याबाईंना आणले. तेवढ्यात आप्पाजी सरही परतले. त्यांनी आधी काच पाहिली, मग मुलगा पाहिला. "बाई, असल्या मुलाला शाळेत पाठवायचं कशाला? उद्या काही झालं तर आम्ही कुणाकुणाला तोंड देणार? त्याला घरीच ठेवा."

अहल्याबाई हयाला पोळी भरवत होत्या. त्यांनी हातातला घास खाली ठेवला. "सर, हा घरी बसला तर आजार बरा होतो का? नाही होत. मग आजारी राहून अडाणीही राहायचं का त्यानं? मी दर वर्षी येऊन सांगते. सांगून सांगून माझी जीभ झिजली. तुम्ही लोक ऐकताय कधी?"

मग प्रतापराव मास्तर उभे राहिले. हाताला फडके बांधलेले होते. "सर, त्यांनी मला सांगितलं होतं. मी हसलो होतो. मुलगा माझ्या वर्गात राहील. डबी आजपासून माझ्या खिशात राहील, जबाबदारी माझी."

आप्पाजी सरांनी फुटकी काच पायाने बाजूला सारली. "ठीक आहे," ते म्हणाले.

मला वाटले, सुटले एकदाची. कसली सुटका! मास्तर दर तासाला मला उघडून बघत. हया शिंकला तरी मला पुढे करत. हया जरा गप्प बसला की, "देऊ का रे साखर?" वर्ग हसू लागला. कालपर्यंत साखर मिळत नव्हती, आज नको म्हटले तरी सोडत नव्हती! मोठ्या माणसांना मधला रस्ता दिसतच नाही काय?

आठवडाभर हयाने सोसले. मग एका सकाळी तो टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"सर, डबी मला द्या."

"अरे, माझ्याजवळ आहे ना ती."

"तुम्ही दुसऱ्या वर्गावर जाता तेव्हा? मी घरी जाताना वाटेत असतो तेव्हा? मला आतून कळतं, सर. हात कापायच्या आधीच कळतं. तुम्हाला बाहेरून उशिरा कळतं."

मास्तरांनी मला तळहातावर धरले, चेपलेली बाजू अंगठ्याने चाचपली आणि मला हयाच्या हातात दिले. "वर्ग चालू असला तरी खा," ते म्हणाले. "मला विचारायचंसुद्धा नाही."

सोहळ्याच्या दिवशी मैदानावर पताका होत्या, पुढे खुर्च्यांवर पाहुणे होते. कवायत ऐन रंगात आली असता हया रांगेतून बाहेर पडला. सगळ्यांच्या देखत पायरीवर बसला, मला उघडले आणि पुडी तोंडात रिकामी केली. पहिल्या रांगेतल्या एका फेटेवाल्या पाहुण्यांनी भुवया चढवल्या. "मास्तर, तो मुलगा खातोय काय?"

"साखर खातोय, साहेब," प्रतापराव मास्तर म्हणाले, आणि त्यांनी अंक मोजणे जराही थांबवले नाही. हयाने तोंड पुसले, मला खिशात टाकले आणि पुढच्याच अंकावर तो रांगेत जाऊन मिळाला. माझ्या पत्र्याच्या जन्मात एवढे सुख मला पुन्हा कधी झाले नाही.

पुढे हया कॉलेजात गेला. माझी बिजागरी तुटली तेव्हा त्याने नवी प्लास्टिकची डबी घेतली. मी अहल्याबाईंच्या शिवणाच्या पेटीत बटणे सांभाळत पडून आहे. शेजारच्या बायका येतात, आपल्या पोरांच्या शाळांच्या गोष्टी सांगतात. दम्याची गोळी काढून घेतली, फिट येणाऱ्या मुलीला शेवटच्या बाकावर बसवले, असे काही ऐकले की माझ्यातली बटणे रागाने खुळखुळतात.

म्हणून मित्रांनो, एवढे करा. तुमच्या वर्गात एखादे मूल आजाराशी जमवून घेत शिकत असेल, तर त्याला हसू नका, आणि त्याची फार कीवही करू नका. त्याला एकदा नीट विचारा, "तुला काय लागतं? आणि केव्हा?" ते सांगेल. त्याला सगळे पाठ असते. फक्त त्याचे बोलणे पुरे होईपर्यंत थांबा.