हॅल्वरने गीझरला तार मारली

उत्तर डकोटात त्या जानेवारीत थंडी अशी पडली होती की माणूस घरात यायचा आणि त्याची सावली अंगणातच चिकटून राहायची. मार्चमध्ये सुटली तर नशीब. म्हाताऱ्या हॅल्वर लुंडला सावलीची पर्वा नव्हती. त्याला हवं होतं गरम पाणी. त्याच्या बायकोचे, अर्डिसचे, सांधे इतके आखडले होते की टबभर कढत पाण्यात बसल्याशिवाय तिला चमचाही धरता येत नसे. आणि भिंतीवरचा गॅस गीझर पेटायचा, खोकायचा, विझायचा.

विझला की गीझरच्या छोट्या पडद्यावर हवेच्या सेन्सरच्या तक्रारीचा आकडा. धूर नीट बाहेर जातोय का, एवढंच पाहणं त्या सेन्सरचं काम. हॅल्वरने त्याची नळी फुंकून पाहिली, मग नवा सेन्सर आणून बसवला. नवाही तेच म्हणाला. दोन साक्षीदारांनी एकच जबानी दिली, तर पठ्ठ्याने दोघांनाही खोटं ठरवलं.

“बाहेर धुराच्या पाइपचं तोंड पाहिलंस का?” शेजारच्या डेल्मारने फोनवर विचारलं.

“त्या बाजूला खिडकीपर्यंत बर्फ चढलाय. तू उकरतोस?”

“उद्या येतो. तोवर हात लावू नकोस, म्हाताऱ्या.”

“आणि तुझ्या ट्रॅक्टरच्या सीटखालच्या स्विचला तार कोणी मारली रे? मेलास का तू?”

माणूस सीटवरून उठला की बंद पडणारा ट्रॅक्टर त्या मुलखात कोणी ठेवलाच नव्हता. सगळ्यांनीच तार मारून स्विचचं तोंड बंद केलेलं.

हॅल्वरने गीझरचा पंखा फिरायची वाट पाहिली आणि सेन्सरच्या दोन टोकांना तार जोडली; आता सेन्सर काहीही म्हणो, गीझरला सगळं ठीकच वाटणार. गीझर गुरगुरत राहिला.

“अगं बाई, काय सुख,” अर्डिस टबातून म्हणाली. “आता तासभर हाक मारू नकोस.”

“मारतोय कशाला. एरवी एवढी शांतता मिळते कुठे?”

ती हसलेली त्याला ऐकू आली. तो स्वयंपाकघरात कॉफी घेऊन बसला. डोकं ठणकायला लागलं तेव्हा त्याने कॉफीला नावं ठेवली. न्हाणीघरातला नळ वाहताना ऐकू येत होता, म्हणजे सगळं ठीक. उठायला गेला, तर पाय जणू दुसऱ्याच कोणाचे. तेव्हा कुठे त्याला उमगलं: पाइपचं तोंड बर्फाने बुजलं होतं आणि गीझरचा न दिसणारा विषारी वायू घरातच साठला होता.

रांगत तो न्हाणीघरात शिरला, कोपराने खिडकीची काच फोडली. बाहेरची हवा सुरीसारखी आत आली. अर्डिसचे गाल नव्या नवरीसारखे गुलाबी होते. त्याने हाक मारली, तिचा हात धरला; नाडी लागेना. कित्येक महिने मिटलेली तिची बोटं पाण्यात अलगद, सरळ उघडली होती.