दात खाल्ल्याचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी क्लॅरिनेट आहे, आणि एका माणसाचे दात खाल्ल्याचा आळ माझ्यावर आहे. मला स्वतःला एकही दात नाही. तरी वर्ष झालं, मी कपाटावर एका मोडक्या छत्रीशेजारी पेटीत पडून आहे. खरी गुन्हेगार मात्र खाली टेबलावर झाकण लावून ऐटीत बसायची आणि आल्यागेल्याला तिच्यातलंच काढून दिलं जायचं. माझी हकिगत ऐका, मग काय ते तुम्हीच ठरवा.

मी काळ्या, कठीण लाकडाची आहे. मला तुकड्या-तुकड्यांनी घडवलं, सांध्यांना बूच लावलं आणि अंगावर चकचकीत चाव्या बसवल्या. प्रत्येक चावीखाली एक मऊ गादी असते, ती भोक झाकते. माझ्या तोंडाशी खालच्या बाजूनं वेताची पातळ पट्टी बांधतात. वाजवणारा खालचा ओठ त्या पट्टीला लावतो आणि वरचे पुढचे दात थेट माझ्या तोंडावर टेकवतो. दाताचं दुखणं मला सगळ्यांच्या आधी कळतं ते यामुळे.

मला विकत घेतलं मास्तरांनी. एका मोठ्या हॉटेलात लोक जेवत असताना जो ताफा वाजवायचा, त्याचे ते प्रमुख. तेव्हा ते तरुण होते आणि त्यांचे दात इतके भक्कम, की माझ्या तोंडावर दोन खड्डे पडले. मी वाजू लागले की लोकांचे चमचे हातातच राहायचे. वाढपी आत जाऊन आचाऱ्याला सांगायचे, "गरम काही पाठवू नका, मास्तर रंगात आलेत." काय दिवस होते! आठवले की अजून जीव कासावीस होतो.

पण मास्तरांना एक सवय होती. फुंकून फुंकून तोंड कोरडं पडतं, म्हणून ते गालात लिमलेटची गोळी धरून वाजवायचे. ही युक्ती त्यांना त्यांच्या गुरुजींनी शिकवली होती आणि मास्तर ती विद्येसारखी जपायचे. एक विरघळली की दुसरी. दुपारच्या सरावापासून हॉटेल बंद होईपर्यंत गाल कधी रिकामा नाही. खिशात पुडी, घरी टेबलावर काचेची मोठी बरणी. ती गोड लाळ माझ्या अंगात उतरायची आणि गाद्या चिकटून बसायच्या. मला दुरुस्त करणारा कारागीर एकदा वैतागून म्हणाला, "मास्तर, हिच्यात फुंकता की सरबत ओतता?" मास्तर खो खो हसले. मला मुळीच हसू आलं नाही.

मग एक दिवस श्वासाला वास येऊ लागला. मास्तर मला तोंडात एका बाजूला कलती धरू लागले. दातांच्या कडा मला खरखरीत लागायच्या. मला बोलता आलं असतं तर मी तेव्हाच बोंब ठोकली असती. शेवटी व्हायचं ते झालं. भरल्या हॉटेलात, ऐन रंगात, मास्तरांचा पुढचा दात माझ्यावर तुटला. शंभर माणसांनी पाहिलं. दात कुणावर तुटला हे सगळ्यांना दिसलं. तो आतून कधीचा पोखरला होता, ते कुणालाच दिसलं नाही.

मास्तर मला घेऊनच दातांच्या डॉक्टरांकडे गेले. गालातली गोळी त्यांनी दारातच काढली आणि कागदात गुंडाळून खिशात ठेवली. डॉक्टरबाई हुशार होत्या. त्यांनी मला हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "यानं दात किडत नाहीत, मास्तर. प्रत्येकाच्या तोंडात बारीक जंतू असतात. त्यांना साखर मिळाली की ते आम्ल तयार करतात आणि आम्ल दात पोखरतं. लाळ त्या आम्लाचा जोर कमी करते, पण तिला मधे उसंत मिळायला हवी. तुमच्या तोंडात सारखं काही असतं का?"

"छे हो," मास्तर म्हणाले, "दोन वेळचं जेवण. मधे पाण्याशिवाय काही नाही."

मित्रांनो, ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी गोळी हे खाणं नव्हतंच. माझी पट्टी जशी कामाची वस्तू, तशी गोळी. डॉक्टरांनी किडलेले पुढचे दात काढले, खोटे बसवले आणि सांगितलं की या दातांवर आता वाजवण्याचा जोर नको. मास्तर घरी आले आणि बायकोला एवढंच म्हणाले, "वाजवणं बंद सांगितलंय." रस्त्यात त्यांनी खिशातली गोळी परत तोंडात टाकली होती.

झालं! मास्तरीणबाईंना जे समजायचं ते समजलं. "या नळीनंच दात खाल्ले माझ्या नवऱ्याचे," असं त्या ज्याला त्याला सांगत सुटल्या. हॉटेलनं मास्तरांना दारापाशी पाहुण्यांचे कोट सांभाळायला बसवलं. आतून दुसऱ्याच कुणाचं वाजवणं ऐकू यायचं आणि मास्तर कोट मोजत बसायचे. त्या दुःखापुढे मी काय बोलणार?

पण खरा अन्याय पुढेच आहे. मास्तरांची मुलगी लहानपणी सारखी किंचाळायची म्हणून तिला सगळे पिपाणी म्हणत. ही पिपाणी मला बापापेक्षा गोड वाजवायची. खोटं सांगत नाही, मास्तरांनीच तसं कबूल केलं होतं. ती शाळेतून आली की दप्तर टाकून आधी मला काढायची. एक दिवस मास्तरीणबाईंनी तिच्या हातातून मला ओढून घेतलं. "बापाचे गेले तेवढे पुरे. पोरीचे दात मी जाऊ द्यायची नाही," म्हणाल्या आणि मला कपाटावर ठेवलं. पोरगी हमसून हमसून रडली. तिची समजूत घालायला आईनं काय द्यावं? बरणीतल्या मूठभर गोळ्या. त्यानंतर पोरीला माझी आठवण आली की बरणीचं झाकण वाजायचं. मी वरून ऐकत राहायचे.

परवा तिचा गाल सुजला. आई तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. दाढ काढावी लागली, ती पुन्हा न येणारी. परत आल्यावर पिपाणीनं खुर्ची ओढली, वर चढली आणि मला खाली काढलं.

"ठेव ती नळी," आई म्हणाली.

"आई, वर्षभर मी हिला हात लावला नाही," बधिर तोंडानं पोरगी म्हणाली. "मग माझी दाढ कुणी खाल्ली?"

मास्तरांच्या गालात गोळी होती. ती त्यांना गिळता येईना की थुंकता येईना.

पिपाणीनं मला जोडलं आणि फुंकलं. नुसती हवा फुसफुसली. कपाटावर तापल्या छताच्या उष्णतेनं सुकून मी मधोमध तडकले होते. मास्तरांनी तड्यावरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाले, "गेली ही." बाईंनी बरणी उचलली, पोरीच्या हाती लागू नये म्हणून कपाटावर ठेवली, आणि निकामी झाले म्हणून मलाही तिच्याच शेजारी.

असा आमचा न्याय झाला. आता मुंग्या तिच्याकडे जाता-येता माझ्या पेटीवरून जातात. मित्रांनो, माझा तडा बुजवता येतो. तो कारागीर दोन गल्ल्या सोडून अजून बसतो, पण मला त्याच्याकडे न्यायचं कुणाच्या मनात येत नाही. पोरगी फुंकत होती तेव्हा तिचे वरचे पुढचे दात माझ्या तोंडावर टेकले होते. मी नीट पाहिले. ते अजून शाबूत आहेत. आहेत तोवर कुणीतरी मला खाली काढा.