अकरावा नंबर

तांबडी सकाळपासून अडली होती. वासराचा एकच पाय बाहेर आला होता, दुसरा आत मुडपला होता, आणि कळ आली की गाय मान भिंतीला घासत होती. तात्यांच्या हाताखालून आजवर कितीतरी गायी व्याल्या होत्या. पण हे आपल्या हातचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं.

"अहो, डॉक्टरला बोलवा की! बघत काय बसलाय?" शेजारची वहिनी गरम पाण्याची बादली टेकवत म्हणाली.

"बोलावतो. आपलं घरचंच अ‍ॅप आहे. आत्ता येतील."

घरचंच म्हणजे अगदी घरचं. जनावरांच्या डॉक्टरला बोलवायचं ते अ‍ॅप तात्यांच्या लेकीनं शहरात बसून बनवलं होतं. बारा गावांत मिळून डॉक्टर एकच; अ‍ॅपवर नंबर लागेल तसे ते फिरायचे. लेकीनं आपला वापरलेला फोन बापाला दिला, त्याला सहा वर्षं झाली. कुणाचं जनावर आजारी पडलं की तात्या ऐटीत खिशात हात घालायचे, "थांब, माझ्या पोरीच्या अ‍ॅपवर सांगतो."

सदऱ्याला हात पुसून त्यांनी अ‍ॅप उघडलं. पडद्यावर ओळ आली, 'अ‍ॅप अपडेट करा.' त्यांनी बटण दाबलं. तर दुसरी ओळ आली, 'तुमच्या फोनवर हे अ‍ॅप चालत नाही.'

"काय म्हणतंय?"

"म्हणतंय, फोन म्हातारा झालाय."

"म्हाताऱ्या फोनवाल्यांच्या गायी काय व्यायच्या थांबतात होय?"

डॉक्टरांचा फोन लागेना. लेकीचा बंद. वहिनीकडं साधा बटणांचा फोन, त्याचा काय उपयोग! शेवटी तात्या तापल्या ढेकळांतून अनवाणीच पळत सुटले, ते थेट फाट्यावरच्या दुकानात. दुकानदारानं आपल्या फोनवरून नोंद केली.

"तात्या, अकरावा नंबर लागला बघा. तासाभरापूर्वी तिसरा मिळाला असता."

डॉक्टर आले तेव्हा दुपार कलली होती. वासरू ओढून काढलं, ते मेलेलंच. तांबडीनं त्याला चाटायला मान उचलली, ती अर्ध्यावरच खाली पडली. पुन्हा उठली नाही.

दोन दिवसांनी लेक आली. तात्यांनी तिला फोनवर एवढंच सांगितलं होतं, "वय झालं होतं गायीचं." पण वहिनीच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! अंगणातच तिनं सगळं सांगून टाकलं. ते ऐकून लेक तशीच आत आली आणि गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली.

"तात्या, ते मीच बंद केलं."

"तू कशाला करशील?"

"मीच. लोक फोनमध्ये जिथून अ‍ॅप घेतात, तिथलेच नियम बदलले. जुन्या फोनांसाठी सगळं वेगळं सांभाळत बसावं लागतं, आणि काम करायला आम्ही दोघंच. कंपनीच्या साहेबांनी विचारलं, जुने फोन किती उरलेत? मी म्हटलं, तीनशे चाळीस. फार नाहीत, सोडून देऊ." तिनं रिकाम्या गव्हाणीकडं पाहिलं. "त्यात तुमचा असेल, हे डोक्यातच आलं नाही हो."

दुसरं कुणी असतं तर तात्यांनी त्याचा उद्धार केला असता. पण पोटची पोर, तिला काय बोलणार? ते तांबडीचं दावं हातात गुंडाळत राहिले.

"माझ्या घरी तू आलीस," ते म्हणाले. "बाकीच्या तीनशे एकोणचाळीस घरी कोण गेलं गं?"

तात्या उठले, कोपऱ्यातली वैरणीची पेंढी सोडली आणि रोजच्यासारखी तांबडीच्या गव्हाणीत पसरायला लागले. अर्धी पसरून झाली, तेव्हा त्यांचे हात थांबले. ते तसेच वाकून उभे राहिले.

लेक उठली. पलीकडच्या बाजूनं वाकून तिनं एकेक काडी उचलायला सुरुवात केली. मग तेही उचलू लागले. गव्हाण रिकामी होईस्तोवर दोघंही एकमेकांकडं न बघता वैरण गोळा करत राहिले.