तीनदा मोजलेला कळप

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. पितळेचे अंग, दोन काचा, आणि उजव्या काचेला तडा. तो तडा म्हणजे मी आता राहते त्या घरच्या मंजुळाबाईंच्या शेळीची कृपा. असो.

१९५४ साली तीन कचेऱ्यांनी वर्गणी काढून मला पुण्यातून आणले. एक कचेरी जंगलाची, दुसरी गायरानांची, तिसरी तळ्याविहिरींची. चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या माळावर तेव्हा काळविटांचा एक कळप हिंडत असे. त्याच्यासाठी गवत राखायचे, पाणवठा खोदायचा, थोडा खर्च तिघांनी उचलायचा आणि बाकीचा वरून मागायचा, असा बेत होता. कारखान्यांसाठी जमिनींची मोजणी सुरू झाली होती, म्हणून घाई होती. पण आधी कळप मोजायला हवा, आणि दुर्बीण तर एकच!

मग काय, माझ्या पाळ्या लागल्या. सोमवारी जंगलाची हद्द, बुधवारी गायरानाची, शुक्रवारी तळ्याची. तिन्ही दिवस मला डोळ्याला लावले ते सयाजीने. तो जंगलाचा राखणदार, चाकणचाच. त्याच्याइतकी नजर कुणालाच नव्हती.

शुक्रवारी त्याने मला खाली घेतले आणि तो यशवंतरावांकडे वळला. तिन्ही कचेऱ्यांचा एकत्र अहवाल लिहिणारे साहेब ते.

"सायेब, ह्यो शिंग मोडल्याला नर सोमवारीबी व्हता, बुधवारीबी व्हता. कळप त्योच हाय. आपुन त्येलाच तीनदा मोजतोय."

यशवंतराव माणूस चांगला, पण कागदावर एकशे सव्वीस हा आकडा पाहून हरखून गेले होते. "राहू दे, सयाजी. जनावरं जास्त दिसली तर पैसाही जास्त मिळेल."

मीही तो नर तीनदा पाहिला होता. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

वरून उत्तर आले ते भलतेच. एवढी जनावरे सुखाने नांदत आहेत, तर पाणवठा हवा कशाला? तीन तिगाडा, काम बिगाडा, म्हणतात ते खोटे नाही.

त्या उन्हाळ्यात माळावरची डबकी आटली. कळप पाण्यासाठी दाही दिशा भटकला, आणि सयाजीच्या जिवाला घोर लागला. शेवटी यशवंतराव आपल्या पायांनी त्याच्या दारी आले.

"माझं चुकलं, सयाजी. आता काय करायचं?"

"समद्यांनी एकाच सकाळी हुबं ऱ्हायचं, सायेब. दुर्बीन नसली तरी चालंल."

मला हे लागले, खोटे कशाला बोलू? पण त्याचेच खरे होते. तिन्ही कचेऱ्यांची माणसे तीन टेकाडांवर एकाच वेळी उभी राहिली आणि नुसत्या डोळ्यांनी मोजू लागली. आदल्या वर्षी खरी बेचाळीस होती, एकशे सव्वीसचा तिसरा हिस्सा; आता भरली सतरा.

खरा आकडा गेला आणि मंजुरी आली. पण कागदी घोडे नाचेनाचेपर्यंत आणखी एक उन्हाळा सरला. पाणवठा खोदून झाला तेव्हा माळावर चहूकडे कुंपणे उभी होती, आणि ती सतरा कुठे गेली ते कुणालाच सांगता आले नाही.

यालाही आता तीन वर्षे झाली. कचेऱ्यांना माझी गरज उरली नाही. मी सयाजीच्या घरी खुंटीला असते. रोज सकाळी तो मला घेऊन पाणवठ्यावर जातो, तासभर बघतो. मलाही फार बघावेसे वाटते, मित्रांनो. गवतातून वर आलेली एक मान दिसली तरी पुरे.

परवा घरी परतल्यावर त्याच्या बायकोने, मंजुळाबाईंनी, विचारले, "दिसलं का काय?"

"पानी दिसलं," सयाजी म्हणाला. "निवळशंख हाय. प्यायला कोन न्हाई."

तुम्ही मोठे व्हाल, कुणाकुणाची राखण तुमच्याकडे येईल. तेव्हा आपापली हद्द धरून बसू नका. सगळे मिळून बघा, एकाच सकाळी बघा, आणि जेवढे दिसेल तेवढेच सांगा. आम्ही सांगितले, पण उशिरा.