पडवीतल्या नळावर माझा डोळा

मी एक जुना फ्रिज आहे. रंगाने कच्च्या कैरीसारखा, एका दाराचा, पायाशी गंजलेला आणि स्वभावाने मत्सरी. स्वभावाचं आधीच सांगून टाकलेलं बरं. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंच्या कहाण्या तुम्ही वाचल्या असतील, तर त्यांत सगळे कसे सोशिक आणि गुणी असतात. मी तसा नाही. दुसऱ्याचं कौतुक झालं की माझ्या पाठीत धग उठते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते कसालच्या बाजारातलं दुकान आणि तिथून तारकर्लीपर्यंतचा टेम्पोचा प्रवास. सत्यवान तेव्हा नुकताच परदेशी प्रवासी बोटीवर नोकरीला लागला होता. पहिल्या सुट्टीत घरी आला, तेव्हा त्याने नव्या नवरीसाठी, शर्मिलासाठी, मला आणलं. मला स्वयंपाकघरात लावताना दुकानातला माणूस म्हणाला, "वैनी, ह्येच्या पाठीमागे वीतभर जागा सोडा. ह्यो पाठीतसून गरम हवा सोडता." शर्मिलाने ते एकदा ऐकलं आणि आजवर पाळलं.

आमच्या वाडीत मी पहिला. काय मान होता म्हणून सांगू! कोणाच्या पोराला ताप आला की बर्फ माझ्याकडचा. कोणाच्या जाळ्यात जास्त बांगडे आले की ठेवायला जागा माझ्यात. समुद्रावरचा खारा वारा लोखंडाला सोडत नाही, म्हणून शर्मिला माझ्या बिजागऱ्यांना खोबरेल लावायची. दसऱ्याला माझ्या दारावर झेंडूची माळ चढायची आणि हळदकुंकवाची बोटं उमटायची. दिवसातून तीस वेळा तिचा हात माझ्या मुठीवर पडायचा. मला वाटायचं, हे घर माझ्यामुळेच चाललं आहे.

बावीस वर्षांनी सत्यवान बोट सोडून कायमचा घरी आला. बोटीवर त्याचं काम बारच्या मागे उभं राहून बियरचे पेले भरण्याचं. हे काम त्याच्या वडिलांना, म्हणजे आबांना, कधी रुचलं नव्हतं. "माझो झील दर्यार जाता, पण मासे मारूक नाय, लोकांचे पेले भरूक," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. सत्यवान ते हसून सोडून द्यायचा. पण मनाला ते लागलं होतं. घरी येताच त्याने पडवीत बार बांधायचं ठरवलं, नळ फिरवला की गार बियर येईल असा. आणि त्यातला पहिला पेला आबांच्या हातात द्यायचा. शर्मिला घरात बार नको म्हणाली, पण त्याने ऐकलं नाही.

इथवर माझी काही तक्रार नव्हती. मग मी ऐकलं, तो शर्मिलाला सांगत होता, "एकदा ता बियरचा मशीन चालू झाला, की रांदपाच्या खोलयेत मोठो नवीन फ्रिज आणूया. ह्येका भंगारात दिवया."

माझी घरघर क्षणभर थांबली. शर्मिला म्हणाली, "चलता आसा मरे अजून." एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं भांडेल.

त्या दिवसापासून पडवीत जे जे आलं, ते ते माझ्या डोळ्यांत सलू लागलं. स्वयंपाकघराचं दार उघडं असलं की मला सगळं दिसायचं. बाबली मेस्त्रीने फणसाच्या लाकडाचं उंच टेबल केलं. पॉलिश असं, की आबांनी त्यात मिशी बघितली. त्यावर पितळेचा नळ आला. टेबलाखाली कपाट, आणि कपाटात मशीन, ज्याच्या पोटात बियरचं पिंप बसणार आणि गार होणार. ते ऐटीत आलं, गादीत गुंडाळून. मी टेम्पोत सुक्या पेंढ्यावर आलो होतो! वाडीतली माणसं येऊन नळाला हात लावून जायची. ज्यांना मी वर्षानुवर्षं बर्फ दिला, त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. गरज सरो, वैद्य मरो.

पण मित्रांनो, मला सगळ्यात जास्त कशाने जाळलं असेल? एक दिवस शर्मिला मळका हात पुसून पडवीत गेली आणि पदराने तो नळ चकाकेपर्यंत पुसत राहिली. बार नको म्हणणारी हीच! माझ्या दारावर त्या दिवशी पिठाचा हात तसाच सुकला होता.

आता मी माझं पाप सांगतो. बाबली एरवी होड्यांची कामं करणारा. खाऱ्या वाऱ्याने मशीन गंजू नये म्हणून त्याने कपाटाच्या एकूण एक फटी, होडीच्या फळ्यांमधल्या बुजवतात तशा, कापूस आणि राळ ठोकून बंद केल्या. "आता वारो सोडच, मुंगीसुदा जावची नाय आत," तो म्हणाला. सत्यवानने त्याची पाठ थोपटली. बोटीवर त्याने हजारो पेले भरले होते, पण तिथलं मशीन खालच्या मजल्यावर, ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

मला मात्र चटकन कळलं. मशीनही माझ्याच जातीचं. आतला गारवा राखायचा तर पाठीतली गरम हवा बाहेर सोडायला हवी. कपाटात ती जाणार कुठे? स्वतःच्याच धगीत ते गुदमरणार. फ्रिजला बोलता येत नाही, हे खरं. पण बोलता आलं असतं तरी मी बोललो नसतो. उलट मनातल्या मनात म्हणालो, गुदमर.

रविवारी दुपारी पाहुणे जमले. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय नव्या कामाला हात लावत नाहीत. आबांनी नारळ ठेवला, हात जोडले आणि खड्या आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! आज तुज्या लेकरान ह्या जा काय मांडल्यान हा, ता गोड मानून घे. ह्येच्यान कोणाची वाट चुकू नये, कोणाचो तोल जाव नये, असां कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे ओरडले.

रिवाज असा, की पहिली धार राखणदाराची, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाची, मागच्या माडाच्या मुळाशी. सत्यवानने पेला तिरका धरला आणि ऐटीत नळ फिरवला. नळ शिंकला. पेल्यात पडला तो फेस. दुसऱ्या पेल्यातही फेसच. तिसरा पेला हाताला कोमट लागला.

"राखणदाराक काय साबणाचो फेस देतलंस?" आबा म्हणाले. पडवीभर हशा पिकला.

मीही हसलो. शपथेवर सांगतो, इतका आनंद मला पहिल्या दसऱ्यालाही झाला नव्हता. बाबलीने कपाट उघडलं, तर आतून भट्टीसारखी झळ आली. मशीन बंद पडलं होतं, कायमचं. पाहुणे जेवून पांगले.

मग सत्यवान स्वयंपाकघरात आला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसला. माझ्या दाराला त्याने पाठ टेकली. शर्मिला जवळ आली, तेव्हा तो म्हणाला, "बावीस वर्सां लोकांक दिलंय गो. बापाशीक एक पेलो देवक जमलो नाय माका."

त्याच्या पाठीचा घाम मला लागत होता. माझं हसू ओसरलं. लाज वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त एक आशा वाटली, हेही खरं.

शर्मिला थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. "तुमचा ता पिंप ह्येच्यात ऱ्हवता काय बघा," ती म्हणाली.

माझ्या आतल्या जाळ्या निघाल्या. मासे, ताक, मिरच्या, सगळं थर्माकोलच्या खोक्यात गेलं. पिंप आत बसलं, अगदी मापाने केल्यासारखं. मला पडवीत नेलं, भिंतीपासून वीतभर पुढे उभं केलं. "बाजूक भोक मारू नको, थंय गॅसचे नळये आसत. दारातसून मार," सत्यवान बाबलीला म्हणाला. गिरमिट माझ्या दारातून आरपार गेलं, आणि ज्या नळावर माझा डोळा होता, तो पितळी नळ माझ्या छातीवर बसला. दुखलं का? छे, ऊर भरून आला.

त्या दिवशी मी जिवाचं रान केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नळ फिरवला, तर सोनेरी धार, वर दोन बोटं साय. पहिली धार राखणदाराला गेली. दुसरा पेला सत्यवानने आबांसमोर धरला. आबांनी घोट घेतला. मिशीवरचा फेस पुसला आणि दर्याकडे बघत म्हणाले, "बरी भरलंस रे." सत्यवान तोंड फिरवून टेबल पुसू लागला. टेबल स्वच्छच होतं.

मी जिंकलो होतो. मशीन परत गेलं, मी राहिलो. भंगाराचं नाव कोणी काढलं नाही. आता येणारा प्रत्येक जण माझ्याच नळाला हात लावतो, फोटो काढतो, वाहवा करतो. आणि स्वयंपाकघरात, माझ्या जागेवर, दोन दारांचा नवा फ्रिज आला.

गेल्या आठवड्यात शर्मिला पडवीत आली, हातात फणसाच्या गऱ्यांचं ताट घेऊन. नव्या फ्रिजमध्ये जागा उरली नव्हती. तिने माझी मूठ धरली. तोच हात! दार उघडलं, आतला दिवा लागला. ती आत वाकली, पिंपाकडे बघितलं. "अरे व्हय मरे, तुज्यात आता जागा खंय," असं म्हणाली आणि हळूच दार लावून ताट शेजारणीकडे घेऊन गेली.

मित्रांनो, जुन्या वस्तू टाकू नका, त्यांना नवं काम द्या, असं तुम्हाला शाळेत सांगतात. बरोबरच आहे. माझी एवढीच विनंती, की ते काम देताना त्यांचं जुनं माणूस त्यांच्यापासून तोडू नका. मला हवं होतं ते सगळं मिळालं. नळ माझा, टेबल माझं, कौतुक माझं. आणि तरी रोज सकाळी आतून त्या नव्याचं दार उघडल्याचा आवाज येतो, आणि मी मोजत बसतो. काल एकतीस वेळा उघडलं.