उन्हानं फिकी पडलेली काच

मी एक जुनी साहलीची पेटी आहे. मित्रांनो, नाव ऐकून बिचकू नका. माणसाच्या अंगातलं रक्त किती दमदार आहे, हे सांगणारं, साहली नावाच्या डॉक्टरानं शोधलेलं मी एक साधंसं यंत्र. तळहाताएवढी काळी पेटी, मधोमध आकडे कोरलेली काचेची नळी आणि तिच्या दोन्ही बाजूंना तपकिरी रंगाच्या दोन काचा. या दोन काचांचा मला फार गर्व होता. तोच पुढे मला नडला.

मला कोणत्या कारागिरानं घडवलं, ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच की १९८१ साली गंगाखेडहून एसटीनं मी राणीसावरगावला उतरले. तिथून सायकलच्या कॅरिअरला बांधून मला पुढच्या एका लहान गावात नेलं. तिथलं आरोग्य उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या, एक खाट आणि एक लोखंडी कपाट. सिस्टर सरजाबाईंनी मला पदरानं पुसलं आणि खिडकीत ठेवलं. रंग जुळवायला उजेड लागतो, म्हणून ती जागा त्यांनी मुद्दाम निवडली होती.

माझं काम ऐकायला सोपं, पण करायला चिकाटीचं. बोटाला सुई टोचून काढलेलं थेंबभर रक्त माझ्या नळीतल्या आम्लात सोडायचं. दहा मिनिटं थांबायचं. रक्त तपकिरी होतं. मग नळीतला रंग शेजारच्या काचांशी जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी घालायचं. जुळला की आकडा वाचायचा. पोटुशी बाईच्या अंगात अकराचा तरी आकडा हवा. सुरुवातीला बाया मला भिऊन पळायच्या. आधीच अंगात रक्त थोडं, त्यातलंही ही बाई काढून घेते, असं त्यांचं गाऱ्हाणं. पुढे मात्र त्या आपणहून बोट पुढे करू लागल्या.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून त्या वर्षांत गावोगावी मनं दुरावली होती. सरजाबाई बौद्ध घरातल्या. काही घरांत त्यांना ओसरीवरच थांबवत, आणि त्यांची एखादी चूक सापडते का, याची काही जण वाटच बघत. मला या माणसांची गंमत वाटे. आम्लात पडलं की कुणाचंही रक्त तपकिरीच होई. रंग बघून घर ओळखायची सोय माझ्याकडे नव्हती.

१९८५ साली एका मोठ्या शहरातल्या वैद्यकीय महाविद्यालयातले भगवानराव डॉक्टर संशोधनासाठी गावात आले. ओट्यावर बायांना बसवून त्यांनी समजावून सांगितलं, की पोटातलं बाळ आपल्यासारखा श्वास घेत नाही. त्याच्या फुप्फुसांत पाणी असतं, आणि त्याला लागणारी हवा आईच्या रक्तातून मिळते. फुप्फुसं पिकतात ती अगदी शेवटच्या आठवड्यांत. आईचं रक्त पातळ असेल, तर बाळाच्या रक्ताचं आणि श्वासाचं काय होतं, हे त्यांना शोधायचं होतं. म्हणून आईचं रक्त दर महिन्याला तपासायचं, जन्मल्याबरोबर नाळेतल्या रक्ताचा थेंब घ्यायचा आणि बाळाचे श्वास मोजायचे, असं ठरलं. रक्ताचं सगळं काम माझ्याकडे. मी किती फुगले असेन, ते विचारू नका.

श्वास मोजायचं काम गावच्या सुईण धुरपताबाईंकडे आलं. त्यांना विसाच्या पुढे मोजता येत नसे. म्हणून सरजाबाई घड्याळ धरायच्या, आणि धुरपताबाई बाळाच्या पोटावर नजर ठेवून दर श्वासाला ज्वारीचा एक दाणा वाटीत टाकायच्या. मिनिट भरलं की सरजाबाई दाणे मोजून आकडा लिहायच्या. दाणे साठाच्या वर गेले की काळजी. डॉक्टरांना ही रीत इतकी आवडली की त्यांनी ती आपल्या वहीत उतरवून घेतली.

त्याच गावात माणिकरावांची बायको सगुणाबाई होती. तिचं पहिलं लेकरू सातव्या महिन्यातच जन्मलं आणि श्वास न पेलल्यानं दोन दिवसांत गेलं. आता तिला पुन्हा सातवा लागला होता. हेही लेकरू हातचं जातं की काय, ही एकच धास्ती तिला होती. सरजाबाईंनी तिला रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या होत्या. मी आकडा सांगितला, अकरा. गोळ्या लागू पडल्या म्हणून सरजाबाईंना हायसं वाटलं.

धुरपताबाईंनी मात्र सगुणाची खालची पापणी ओढून पाहिली, नखं दाबून पाहिली आणि मान हलवली.

"बाई, हे तुमचं यंत्र लय गोड बोलायलंय. पोरीच्या अंगात रगत न्हाई."

सरजाबाईंनी त्यांना माझा आकडा दाखवला. मीही मनात म्हटलं, दाण्यांनी श्वास मोजणाऱ्या बाईनं मला शिकवावं? पण धुरपताबाई हटेनात. त्यांनी उलट ऐकवलं, "आदी तुमचं सोताचं रगत ह्यात घालून बगा."

सरजाबाईंचं रक्त महिन्यापूर्वीच परभणीच्या दवाखान्यात तपासलं होतं. तिथं साडेअकरा भरलं होतं. माझ्या नळीत ते साडेपंधरा भरलं. त्यांनी पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. मग त्यांनी मला उचललं, खिडकीकडे पाहिलं आणि माझ्या काचांवर बोट ठेवलं.

मित्रांनो, चार उन्हाळे मी त्या खिडकीत काढले होते. परभणीचं ऊन तुम्हाला सांगायला नको. माझ्या काचांचा रंग विटत गेला आणि मला त्याचा पत्ताही लागला नाही. काचा फिक्या पडल्या, तसं रंग जुळवायला पाणी जास्त लागू लागलं, आणि पाणी जास्त म्हणजे आकडा मोठा. अशक्त बायांना मी धडधाकट ठरवत आले होते. सगुणाचा खरा आकडा आठच्या आसपास होता.

सरजाबाईंपुढे मोठा पेच होता. डॉक्टरांना कळवलं तर साठ बायांचे आकडे रद्द होणार, संशोधनाचं वर्ष वाया जाणार, नोकरीवर गदा येणार. टपून बसलेल्यांच्या हाती आयतं कोलीत मिळणार. न कळवलं तर सगुणाचा आणि तिच्या बाळाचा जीव धोक्यात. त्यांनी त्याच दुपारी डॉक्टरांना पत्र लिहिलं, आणि शाई वाळायच्या आत त्या माणिकरावांच्या घरी निघाल्या. मला पिशवीत सोबत घेतलं.

ओसरीवर सगुणाची सासू चतुराबाई गहू निवडत बसली होती. सरजाबाईंनी मला तिच्यापुढे ठेवलं.

"चतुराबाई, चूक माझी आहे. हे यंत्र मी उन्हात ठेवलं, ते बिघडलं, आणि मी तुम्हाला खोटा आकडा सांगितला. सगुणाच्या अंगात रक्त लय कमी आहे."

आता ही बाई आकाशपाताळ एक करणार, असं मला वाटलं. चतुराबाईंचा हात सुपातच थांबला. त्यांनी सूप बाजूला सारलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुमची एकलीची न्हाई. त्या गोळ्या म्या म्हशीला घातल्या. लेकरू काळं हुतंय म्हणत्यात ना."

गोळ्या म्हशीच्या पोटात आणि खोटा आकडा माझ्या नळीत. दोघांच्या मध्ये सगुणा उपाशी. माझ्या आकड्यानंच ती चोरी झाकली होती, हे कळल्यावर माझी मलाच लाज वाटली. सरजाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की लेकराचा रंग गोळ्यांनी बदलत नाही, गोळ्यांनी आईच्या रक्तात हवा वाहायची ताकद येते, आणि लेकराला हवी ती तीच. चतुराबाईंनी त्यांना घरात बोलावलं. त्या दिवसापासून सासू स्वतः समोर बसून सुनेला गोळी गिळायला लावू लागली. ताटात हरभऱ्याची भाजी आणि तिळाची चटणी आली. माणिकरावांनी तिला परभणीला नेऊन इंजेक्शनं देऊन आणलं.

डॉक्टर नवं यंत्र घेऊन आले. मला वाटलं, आता सरजाबाईंची खैर नाही. डॉक्टरांनी जुन्या पानांवर रेघा मारल्या, म्हणाले की खोट्या आकड्यांवर उभा राहिलेला शोध कुणाच्या लेकराच्या कामाचा नाही, आणि साठही बायांना पुन्हा तपासायला बसले. त्यांतल्या तेवीस जणींना उपचार लागले. धुरपताबाईंना त्यांनी पापणी कशी बघायची ते विचारलं, आणि शिकूनही घेतलं. माझी रवानगी कपाटात झाली.

नववा महिना लागला न लागला तोच एका सकाळी सगुणाला कळा सुरू झाल्या. दिवस पुरे भरले नव्हते. उपकेंद्रातली खाट माझ्या कपाटापासून चार पावलांवर होती, आणि कपाटाचं दार नीट लागत नसे. मुलगी झाली. ती रडली, पण मग कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. वाटीत दाणे भरभर पडू लागले. सरजाबाईंनी मोजले, बहात्तर. त्यांनी बाळाला सगुणाच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून गोधडी घातली. माणिकराव जीप आणायला धावले. पुन्हा दाणे पडले, सहासष्ट. जीप दाराशी आली तेव्हा अठ्ठावन्न. आईच्या छातीवरच मुलगी परभणीला गेली आणि चौथ्या दिवशी तशीच परत आली. धुरपताबाईंनी पुन्हा वाटी धरली. बेचाळीस. सगुणा तेव्हा कुठे रडली.

त्या मुलीच्या नाळेतलं रक्त नव्या यंत्रात तपासलं गेलं. माझ्या नळीत तिचा थेंबही आला नाही. कपाटात पडल्या पडल्या मला त्याचा केवढा आनंद झाला, म्हणून सांगू! माझ्या हातून काम काढून घेतलं, म्हणून ती श्वास घेत होती.

आता १९९४ साल आहे. मी अजून त्याच कपाटात आहे. मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटकली नाहीत तरी चालेल. यंत्रं मात्र सावलीत ठेवा, आणि वर्षातून एकदा त्यांचीही परीक्षा घ्या. तुमच्या घरातली एखादी बाई पांढरीफटक दिसत असेल, दोन पायऱ्या चढून धापा टाकत असेल, आणि कागदावर सगळं ठीक लिहिलेलं असेल, तर तो कागद बाजूला ठेवा. तिचा हात धरा आणि तिला पुन्हा तपासायला न्या.